काकीचं अंथरूण

पहाटे साडेचारला काकी उठते. लालबागच्या सतराव्या मजल्यावरच्या या घरात चोवीस तास पाणी आहे. तरी ती भिंतीला हात लावत ओट्यापाशी जाते, तांब्याची कळशी नळाखाली ठेवते आणि भरेपर्यंत तिथेच उभी राहते. कळशीच्या पोटाला एक पोचा आहे, चाळीच्या नळावर रांगेत आदळून पडलेला. कळशी भरली की त्यावर पेला पालथा घालते आणि मगच देवापुढे दिवा लावते. तिचं वय आता ब्याऐंशी आहे.

मी गावाहून आलो की चार दिवस इथे राहतो. आता येणं सोपं झालंय. रात्री जेवून कणकवलीला कोकणकन्या पकडायची, पहाटे दादरला उतरायचं. पण कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ साली. मी पहिल्यांदा मुंबईला आलो तो १९८१ च्या जूनमध्ये, एसटीने. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन आमचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला होता, आणि दीड महिन्यात मी तो सोडून निघालो होतो. दहावीचा निकाल हातात, मांडीवर पत्र्याची ट्रंक, पायाशी तांदूळ आणि सोलांची पिशवी. कशेडीचा घाट अंधारात गेला. परळला उतरलो तेव्हा पाऊस कोसळत होता आणि सकाळच्या पाळीची माणसं छत्र्या धरून गिरणीकडे चालली होती.

काकांची चाळीतली खोली दहा बाय बाराची. त्यात आजी, काका, काकी, त्यांची तीन मुलं आणि आता मी. शिवाय काकी खानावळ चालवायची. गावचे सहा गडी दोन वेळ जेवायला यायचे, ज्याची जशी पाळी तशी पंगत. गिरणगावात अशा खानावळी घरोघरी होत्या. बायका-पोरं गावी ठेवून आलेल्या कामगाराला या बायकांनीच जेवू घातलं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणगावाचा इतिहास सांगताना आपण भोंगे, चिमण्या आणि संप सांगतो. माझ्या मते तो या चुलींपासून सांगायला हवा.

मी आलो त्याच्या पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आठवडे गेले, महिने गेले, पगार बंद. जेवायला येणारे गडी एकेक करून गावाला परतले. त्यांतल्या दोघांची उधारी तशीच राहिली, पण काकीने कधी ती मागितली नाही. तिच्या पाटल्या गेल्या, मग कानातलं गेलं. काका शेतीच्या दिवसांत गावी जाऊन राहिले, काकी लोकांच्या पोळ्या लाटू लागली. शेजारच्या एका बाईंनी एकदा तिला हळूच सुचवलं, निदान पुतण्याला तरी गावाला पाठवून द्या, एक तोंड कमी होईल. मी गॅलरीतच पुस्तक घेऊन बसलो होतो. रात्री मी स्वतःच ट्रंक बाहेर काढली. काकीने ती पायाने परत खाटेखाली ढकलली आणि म्हणाली, "तुका खंय जाऊचा नाय. आमका जां गावतला, तांच तुकाय गावतला." एवढं बोलून ती परातीकडे वळली.

मी राहिलो. बारावी झालो, पुढे शिकलो, नोकरीला लागलो, तीस वर्षं मुंबईतच काढून गावी परतलो. माझ्या आयुष्यात जे काही उभं राहिलं ते त्या ढकललेल्या ट्रंकेवर राहिलं आहे.

ती खोली मला आजही डोळे मिटून मांडता येते. खाटेवर आजी, तिच्या कुशीत धाकटी चुलतबहीण. खाटेखाली मी आणि थोरला, डोकी बाहेर काढून. कपाटाच्या पायाशी मधला. काकांचं अंथरूण बाहेर गॅलरीत, आणि पावसाची झड आली की आत उंबऱ्यापाशी. रात्रपाळी असली की ते सकाळी येऊन माझ्या गोधडीवर आडवे व्हायचे, कारण ती अजून ऊबदार असायची. गावाहून कुणी दवाखान्यासाठी आलं तर मधल्याला तिरकं झोपवलं जायचं. कुणाची उशी कुठे होती, तेही सांगू शकतो.

काल पहाटे मला जाग आली तेव्हा काकी कळशीपाशी उभी होती. तिच्याकडे पाहता पाहता ती खोली पुन्हा डोळ्यांपुढे आली आणि पहिल्यांदाच लक्षात आलं, की त्यात काकीचं अंथरूण नाही. मी झोपायचो तेव्हा ती भांडी घासत असायची. उठायचो तेव्हा नळावरून आलेली असायची. तिला आडवी झालेली मी त्या सगळ्या वर्षांत पाहिलीच नव्हती. आणि इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या मनातही आली नव्हती, याची लाज वाटली.

मी उठून तिच्याजवळ गेलो. विचारलं, "काकी, चाळीत तू निजायचीस खंय?"

"मोरयेच्या कडेक," ती म्हणाली. "ओल यायची, म्हणान खाली पोतां घालायचंय." मग नळ बंद करत म्हणाली, "पाय पसरूक गावत नसत. पण झोप लागायची रे, दमलेल्या माणसाक झोप लागता."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. चहा ठेवू का, असं तिने लगेच विचारलं. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि चहा मी ठेवला. खिडकीबाहेर अजून अंधार होता. टॉवरांच्या मधोमध एका गिरणीची चिमणी उभी दिसते, ती अजून पाडलेली नाही. काका जाऊन बारा वर्षं झाली. आमच्या चाळीच्या जागी हा टॉवर आला; जिथे आमची मोरी होती, तिथे आता खाली गाड्या उभ्या असतात.

तुमच्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या शहरात असेच आला असाल. कुणाच्या तरी घरी पहिली रात्र काढली असेल, कुणीतरी आपलं अंथरूण सरकवून तुमचं घातलं असेल. ती काकी, मामी, आत्या, वहिनी आज हयात असेल तर या रविवारी तिच्याकडे जाऊन या. फोनवर भागवू नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा, की तेव्हा ती स्वतः कुठे झोपत होती.