पडद्यामागचा गळा

सप्टेंबर २०१७ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या आवारात, एरवी भारोत्तोलनासाठी असलेल्या प्रेक्षागृहात, ‘मुघल-ए-आझम’ रंगमंचावर उभं राहिलं. फिरोज अब्बास खान यांच्या या प्रयोगाचा सारा जीव, माझ्या मते, एका अटीत होता: जी अनारकली होईल तिनंच गायचं, तिथंच, प्रेक्षकांच्या समोर. भरजरी पोशाख होते, कथक नर्तिकांचा ताफा होता, शीशमहाल होता. आणि त्या सगळ्याच्या मधोमध प्रियांका बर्वे गात होती. गायिका मालती पांडे-बर्वे यांची ही नात. नेहा सरगमही आलटूनपालटून ही भूमिका करत असे.

१९६० च्या चित्रपटात अनारकलीचा चेहरा मधुबालाचा होता आणि गळा लता मंगेशकरांचा. त्यात कुणाला काही खटकलं नाही, आजही खटकत नाही. हॉलिवूडनं मात्र नेमक्या याच गोष्टीवर आपला एक अत्यंत लाडका संगीतपट रचला. जीन केली आणि स्टॅन्ली डोनन यांचा ‘सिंगिन इन द रेन’ १९५२ चा. त्यातला काळ १९२७ चा, मूकपट बोलू लागले तेव्हाचा. मूकपटांची सम्राज्ञी लीना बोलायला तोंड उघडते आणि तिचा चिरका आवाज ऐकून स्टुडिओचं धाबं दणाणतं. मग कॅथी नावाच्या नवख्या मुलीचा आवाज लीनाच्या ओठांवर चढवला जातो. कॅथीवर प्रेम करणारा नायकच शेवटी भर सभागृहात पडदा ओढायला हात लावतो: पुढे लीना ओठ हलवतेय, मागे कॅथी गातेय. कॅथीला नाव मिळतं, प्रियकरही मिळतो.

पण कॅथी झालेल्या डेबी रेनॉल्ड्सचीच काही गाणी प्रत्यक्षात बेटी नॉइस या गायिकेनं गायली होती, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं. पुढे मार्नी निक्सननं ‘वेस्ट साइड स्टोरी’त नॅटली वुडला आणि ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्नला आपला गळा दिला. पडद्यावर तिचंही नाव झळकलं नाही.

मला वाटतं, ‘सिंगिन इन द रेन’ या गोड चित्रपटानं गुन्हा चुकीच्या जागी शोधला. एका कलावंतानं दुसऱ्याला आवाज देणं ही फसवणूक नव्हे. गाणारीचं नाव गाडून टाकणं ही फसवणूक आहे, आणि ती करणारा धंदा त्या पडद्यापुढं हसत उभा होता.

आपल्याकडंही सुरुवात सरळच होती. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे स्वतःच गायले. संगीत नाटकावर वाढलेल्या प्रेक्षकाला दुसरं काही सुचणंही शक्य नव्हतं. १९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सनं ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायन आणलं आणि पंधराएक वर्षांत गाणारा नट हा प्रकारच संपत आला. ‘मुघल-ए-आझम’मध्ये त्याची खूण दिसते. दुर्गाबाई तिथं जोधाबाई आहेत, आणि तानसेन झाले आहेत सुरेंद्र, ‘अनमोल घडी’त स्वतःच्या आवाजात गायलेले. तानसेन म्हणून ते ओठ हलवतात आणि गातात बडे गुलाम अली खाँ. खाँसाहेबांचं ते गाणं अलौकिकच आहे. तरीही सुरेंद्र यांच्या मिटलेल्या गळ्याची मला प्रत्येक वेळी हळहळ वाटते.

नावाची लढाई मात्र आपल्याकडं उघडपणे लढली गेली. १९४९ च्या ‘महल’मधलं गाणं गाजलं तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलेलं होतं. ते मधुबालाच्या पात्राचं नाव. हे गातंय कोण, अशी विचारणा श्रोत्यांनी रेडिओकडं केली आणि लता मंगेशकर हे नाव घरोघरी पोचलं. पुढं फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला पुरस्कारच नाही म्हणून त्यांनी त्या सोहळ्यात गायला नकार दिला. १९५९ मध्ये तो पुरस्कार सुरू झाला, आणि पहिला त्यांनाच मिळाला. बळवंत संगीत मंडळीच्या मास्टर दीनानाथांची ही मुलगी. वडील स्वतःच्या चेहऱ्यानं, स्वतःच्या गळ्यानं रंगभूमीवर उभे राहत. मुलीनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओठांसाठी गायलं, पण आपलं नाव पुसू दिलं नाही.

म्हणून जानेवारी १९६३ ची दिल्ली मला फार मोलाची वाटते. चीन युद्धातल्या हुतात्म्यांसाठी प्रदीप यांनी लिहिलेलं, पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांनी चाल दिलेलं गीत लताबाई नेहरूंसमोर गायल्या. ते कुठल्याही चित्रपटातलं नव्हतं, कुठल्याही नायिकेच्या ओठांवर चढणार नव्हतं. इथं पडदा कुणाला ओढावा लागला नाही.

आवाजावर हक्क कुणाचा, हा प्रश्न आता त्याच दिल्लीत न्यायालयात पोचला आहे. अनिल कपूर यांचं नाव, छबी, आवाज, अगदी ‘झकास’ म्हणण्याची लकबही परवानगीविना वापरू नये, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये दिला. मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्रानं केलेली नक्कल रोखली. हे आदेश हवेच होते. पण ते मिळाले ते ज्यांचा आवाज सारा देश ओळखतो त्यांना. कोरसमध्ये गाणारी, परदेशी मालिकांना हिंदी-मराठी आवाज देणारी, नायिकेसाठी ट्रॅक गाऊन ठेवणारी मुलगी न्यायालयात आपली ओळख कशी पटवणार? तिच्यासाठी करारातच लिहिलेलं हवं: तिचा आवाज कुठं वापरला जाईल, किती काळ, यंत्राला शिकवायला दिला जाईल का, त्याचे वेगळे पैसे किती, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव कुठं येईल.