ओठांवरचे गाणे, वहीतला नफा

जाहिरातीतील गाण्याविषयी बोलताना दोन निराळी विधाने बहुधा एकाच श्वासात केली जातात: हे गाणे सर्वांच्या तोंडी आहे, आणि म्हणून याच गाण्याने कंपनीला मोठे केले. पहिले विधान कोणालाही पडताळून पाहता येते. दुसरे मात्र क्वचितच पडताळले जाते, कारण मधल्या त्या ‘म्हणून’ने किती पायऱ्या ओलांडल्या आहेत याकडे लक्ष जात नाही. गाणे कानावर पडावे लागते, त्याच्याबरोबर मालाचे नाव स्मरणात राहावे लागते, दुकानात उभे असताना ते नाव आठवून खिशातले पैसे बाहेर निघावे लागतात, आणि अशा वाढीव विक्रीतून गाण्याचा व प्रसारणाचा खर्च भागून काही शिल्लक उरावी लागते; तेव्हा कुठे त्याला नफा म्हणता येते. ‘जिंगल’ म्हणजे मालाचे नाव आणि गुण चटकन तोंडी बसेल अशा चालीत गुंफलेले छोटे जाहिरातगीत. ते पहिल्या दोन पायऱ्या सहज चढवते, याबद्दल दुमत नाही. प्रश्न उरलेल्या दोन पायऱ्यांचा आहे.

जिंगलच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत जुना आणि सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतील मिनियापोलिस शहरातला आहे. तेथील एका पीठगिरणी कंपनीने ‘व्हीटीज’ या गव्हाच्या न्याहारीसाठी २४ डिसेंबर १९२६ रोजी चार गायकांकडून रेडिओवर एक गाणे म्हणवून घेतले, आणि जाहिरातीच्या इतिहासात ते पहिले गाजलेले रेडिओ-जाहिरातगीत मानले जाते. पुढे ही कंपनी ‘जनरल मिल्स’ या नव्या कंपनीत समाविष्ट झाली. १९२९ साली, माल खपत नाही म्हणून तो बंद करावा असा विचार चालू असताना, एकूण विकल्या गेलेल्या सुमारे ५३,००० खोक्यांपैकी ३०,००० खोकी एकट्या मिनियापोलिस परिसरात, म्हणजे जेथे गाणे वाजत होते तेथेच, खपली असल्याचे कंपनीच्या जाहिरात-प्रमुखाने दाखवून दिले. माल बंद करण्याऐवजी गाणे देशभर पोहोचवण्यात आले आणि माल टिकला. हा पुरावा ऐकताक्षणी पटण्यासारखा आहे, कारण त्यात तुलना आहे. गाणे वाजलेला प्रदेश आणि न वाजलेला प्रदेश शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. मात्र मिनियापोलिस हे त्या कंपनीचे माहेरघर होते आणि ज्या रेडिओ केंद्रावरून गाणे वाजत होते तेही तिच्याच मालकीचे होते, ही गोष्ट सांगताना सहसा वगळली जाते. घरच्या शहरात दुकानदारांशी जुने संबंध असतात, माल वेळेवर पोहोचतो, गिरणीचे नाव लोकांना आधीपासून ठाऊक असते. त्यामुळे त्या ३०,००० खोक्यांपैकी किती गाण्यामुळे खपली आणि किती ओळखीमुळे, हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही.

ही गुंतागुंत सोडवण्यासाठी पुढे प्रयोगशाळेचा आधार घेण्यात आला. कॅनडातील अभ्यासक जेराल्ड गॉर्न यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका साध्या पेनाचे चित्र दाखवले गेले आणि त्याच वेळी काहींना ‘ग्रीज’ या लोकप्रिय चित्रपटातील संगीत, तर काहींना त्यांना नावडणारे संगीत ऐकवले गेले. नंतर भेट म्हणून दोन रंगांपैकी एक पेन निवडायला सांगितले असता आवडते संगीत ऐकणाऱ्यांपैकी ७९ टक्क्यांनी चित्रातल्याच रंगाचे पेन उचलले, तर नावडते संगीत ऐकणाऱ्यांपैकी अवघ्या ३० टक्क्यांनी. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे असा एक तपशील या प्रयोगात आहे: ‘नावडते संगीत’ म्हणून निवडलेले संगीत हिंदुस्थानचे शास्त्रीय संगीत होते. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात हाच प्रयोग झाला असता तर आकडे उलटे लागण्याचीच शक्यता अधिक. याचा अर्थ असा की चाल आपल्या अंगी गोडवा घेऊन येत नाही; ऐकणाऱ्याच्या कानावर झालेले संस्कार तिला गोड किंवा परकी ठरवतात, आणि म्हणून एका समाजात चाललेली धून दुसऱ्या समाजात चालेलच असे धरून चालता येत नाही. शिवाय १९८९ साली केलॅरिस आणि कॉक्स यांनी हा प्रयोग अधिक काटेकोरपणे पुन्हा करून पाहिला तेव्हा त्यांना असा परिणाम आढळला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गॉर्न यांच्या विद्यार्थ्यांना पेन फुकट मिळणार होते. खिशातून एक पैसाही जायचा नसेल तेव्हा मनुष्य सुराच्या ओढीने एखादा रंग उचलतो. किंमत मोजायची वेळ येते तेव्हा तो गुण, टिकाऊपणा आणि भाव विचारतो. खुद्द गॉर्न यांच्याच दुसऱ्या प्रयोगात, ज्यांना आपल्याला निर्णय घ्यायचा आहे याची आधी जाणीव दिली होती, त्यांच्यावर संगीतापेक्षा माहिती देणाऱ्या जाहिरातीचा प्रभाव अधिक पडला.

दुकानातल्या संगीताचा एक अभ्यासही याच संदर्भात पुढे केला जातो. इंग्लंडमधील एका दुकानात फ्रेंच संगीत लावले तेव्हा फ्रेंच वाइनच्या ४० आणि जर्मन वाइनच्या ८ बाटल्या खपल्या, तर जर्मन संगीत लावले तेव्हा जर्मन २२ आणि फ्रेंच १२, असे १९९७ साली प्रसिद्ध झाले. सुरांनी निवड फिरवली हे यातून दिसते. पण एकाची विक्री वाढली तेव्हा दुसऱ्याची घटली, म्हणजे दुकानदाराच्या गल्ल्यापेक्षा बाटल्यांच्या फळीत अधिक उलथापालथ झाली.

भारतात या प्रश्नाला निराळे वळण आहे. विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या, आणि १९७६ पासून दूरदर्शननेही त्या स्वीकारल्या. वाहिनी एकच, ऐकणारे कोट्यवधी, निवडीला वाव नाही. अशा काळात एखादी चाल महिनोन्महिने रोज कानावर पडली की ती पाठ होणे अपरिहार्य होते. मानसशास्त्रात याला परिचयाचा परिणाम म्हणतात: वारंवार समोर आलेली वस्तू, तिच्याविषयी काही नवे कळले नसले तरी, अधिक आपलीशी वाटू लागते. त्या काळातील जिंगलांच्या यशात चालीचा वाटा किती आणि एकुलत्या एका वाहिनीचा किती, हा हिशेब आजच्या शेकडो वाहिन्यांच्या काळात जिंगलवर पैसे लावणाऱ्याने आधी करायला हवा.

निरमाचे उदाहरण यासंदर्भात नेहमी दिले जाते. करसनभाई पटेल यांनी १९६९ साली अहमदाबादेत स्वतः धुण्याची पावडर बनवून विकायला सुरुवात केली तेव्हा तिचा भाव किलोला साडेतीन रुपयांच्या आसपास होता, आणि त्या वेळी बाजारात प्रस्थापित असलेली सर्फ तिच्या तिप्पट-चौपट भावाने मिळत होती. ज्या गृहिणीच्या घरात तोवर साबणाची वडीच वापरली जात होती, तिला पावडर परवडू लागली. गाण्याने ही पावडर घराघरात ओळखीची केली, यात शंका नाही. परंतु ओळख झाल्यावर हात पुढे झाला तो भावामुळे. सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्थान लिव्हरने या आव्हानाला उत्तर दिले तेही अधिक गोड गाण्याने नव्हे, तर व्हील ही स्वस्त पावडर आणून. पुढे व्हील आणि घडी या पावडरींनी निरमाला मागे टाकले, आणि ती चाल मात्र लोकांच्या स्मरणात होती तशीच राहिली. कंपनीची पुढची मोठी वाढ झाली ती सोडा ॲश आणि सिमेंटच्या व्यवसायात. २०१६ साली तिने लाफार्ज कंपनीचा भारतातील सिमेंट व्यवसाय विकत घेतला, आणि सिमेंटचे पोते त्या गाण्याच्या जोरावर कोणी विकत घेत नाही.

पुण्याजवळच्या आकुर्डीतील बजाज स्कूटरची कथा याहून अधिक बोलकी आहे. परवाना पद्धतीच्या काळात उत्पादनावर सरकारी मर्यादा होती आणि स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे. म्हणजे ज्या काळात बजाजची ‘चेतक’ स्कूटर सर्वाधिक हवीहवीशी होती, त्या काळात तिला गाण्याची गरजच नव्हती. १९८० च्या दशकात जपानी तंत्रज्ञानाच्या दुचाक्या आल्या, स्पर्धा सुरू झाली, आणि १९८९ साली लिंटास या जाहिरातसंस्थेने ‘हमारा बजाज’ ही मोहीम केली. साध्या भारतीय कुटुंबाच्या आयुष्यातील स्कूटरचे स्थान त्या गाण्याने इतक्या जिव्हाळ्याने मांडले की आजही त्याचे सूर ऐकले तरी त्या काळात वाढलेल्या माणसाला घरासमोर उभी असलेली गाडी आठवते. भारतीय जाहिरातगीतांमध्ये त्याचे स्थान फार वरचे आहे, आणि ते त्याला योग्यच मिळाले आहे. तरीही त्यानंतरच्या दशकात ग्राहक कमी पेट्रोल खाणाऱ्या मोटारसायकलींकडे वळले, २००१ च्या सुमारास दुचाकींच्या एकूण विक्रीत हिरो होंडा पुढे गेली, आणि डिसेंबर २००९ मध्ये बजाजने स्कूटरचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. लोकांना स्कूटर नकोशी झाली होती म्हणावे तर तसेही नाही, कारण त्याच वर्षांत गियर नसलेली होंडाची ॲक्टिवा भरघोस खपत होती. ग्राहकाचे प्रेम जुन्या गाण्यावर होते आणि गरज नव्या यंत्राची होती. बजाजला सावरले ते २००१ साली आलेल्या पल्सर मोटारसायकलने. स्मृती आणि खरेदी या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठी वाचकाच्या इतक्या जवळ दुसरे नाही.

क्वचित गाण्यातला आशय विक्रीपेक्षा वेगळ्या वाटेने नफ्याशी जोडलेला असतो. मुंबईत पेंढरकर कुटुंबाने उभारलेल्या विको कंपनीच्या हळदीच्या क्रीमचे गाणे ते क्रीम सौंदर्यप्रसाधन नसल्याचे आग्रहाने सांगते. सौंदर्यप्रसाधन ठरले तर अबकारी कर जबर, आयुर्वेदिक औषध ठरले तर सौम्य, असा तो काळ होता. वर्गीकरणाचा हा वाद अनेक वर्षे चालला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात कंपनीच्या बाजूने निकाल लागला. निकाल गाण्यामुळे लागला असे म्हणणे चुकीचे ठरेल, पण कंपनी आपल्या मालाविषयी न्यायालयात जे म्हणत होती तेच बाजारात गाऊन सांगत होती, आणि कराच्या दरातला तो फरक थेट नफ्याला भिडणारा होता.

स्पर्धेचा विचार केला की हिशेब आणखी अवघड होतो. एका कंपनीने गाणे केले की दुसरी करते, आणि दोघींचा खर्च वाढूनही बाजारातला वाटा पूर्वीइतकाच राहू शकतो. अशा वेळी गाणे नफा वाढवत नाही, फक्त मागे पडू देत नाही. अमेरिकेत २ जानेवारी १९७१ पासून रेडिओ व टीव्हीवरील सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी आली आणि त्यांची घरोघरी पाठ असलेली गाणी एका दिवसात गप्प झाली, तरी सिगारेटचा धंदा कोसळला नाही. संशोधक लोडिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली टीव्ही जाहिरातींच्या ३८९ प्रत्यक्ष चाचण्या तपासल्या. त्या चाचण्यांमध्ये घरांचे दोन गट करून एकाला अधिक जाहिराती दाखवल्या जात आणि दोन्ही गटांची खरी खरेदी मोजली जाई. बाजारात स्थिरावलेल्या मालाची विक्री केवळ जाहिरातींचा मारा वाढवून वाढतेच असे नाही, नव्या मालाला मात्र त्याचा लाभ अधिक होतो, असे त्यांना आढळले. जिंगललाही हाच न्याय लागू पडतो: ज्याचे नाव अजून कोणाला ठाऊक नाही, त्याच्यासाठी तोंडी बसणारे गाणे ही ओळख करून देण्याची स्वस्त वाट आहे, ज्याचे नाव सर्वांना पाठ आहे, त्याच्यासाठी ते बहुतांशी राखणदारी आहे.

महाराष्ट्रातील अनेक छोटे उद्योजक, मसालेवाले, तेलघाणीवाले, लोणची-पापड करणारे, आज स्थानिक रेडिओवर जिंगल वाजवण्यासाठी कष्टाचा पैसा ओततात, आणि गाणे गाजले की नफा आपोआप येईल असे त्यांना सांगितले जाते. त्यांनी आधी साधे गणित मांडावे. शंभर रुपयांच्या पाकिटामागे, माल, मजुरी आणि दुकानदाराचा वाटा वजा जाता, बारा रुपये सुटत असतील आणि जिंगल व प्रसारणावर सहा लाख रुपये जाणार असतील, तर केवळ खर्च भरून निघण्यासाठी पन्नास हजार पाकिटे जास्तीची खपावी लागतील, आणि ती गाणे नसते तर खपलीच नसती अशी असावी लागतील. दुकानात माल पुरेसा पोहोचत नसेल, तर त्या पैशातून आधी पुरवठा सुधारावा. एवढे करूनही गाणे करावेसे वाटले तर ते तीन महिने एकट्या नाशिकमध्ये वाजवावे, सोलापुरात वाजवू नये, भाव आणि पुरवठा दोन्हीकडे सारखा ठेवावा, आणि दोन्ही शहरांतला खप आधीच्या तीन महिन्यांच्या खपाशेजारी रोजच्या रोज वहीत लिहावा.