पुढच्यास ठेच

फार दिवस खपून गेलेल्या चुकीस कालान्तरानें हक्क प्राप्त होतो काय? हा जुना नीतिप्रश्न आज संगणकाच्या क्षेत्रांतही उभा राहिला आहे. 'सी' भाषेंत एखाद्या फंक्शनचें स्वरूप आधीं जाहीर न करतां तें वापरण्याची मुभा होती; १९९९ च्या प्रमाणानें ती काढून घेतली. तथापि 'जीसीसी' हा मुक्त कंपायलर, म्हणजे मनुष्यानें लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेंत उतरविणारें साधन, पुढें पंचवीस वर्षें फार तर इशारा देऊन तो दोष पोटांत घालीत राहिला. २०२४ सालच्या चौदाव्या आवृत्तीनें मात्र तो अक्षम्य ठरविला, आणि कित्येक जुने प्रोग्राम एकाएकीं अडले.

अशा वेळीं कंपायलरला एक सूचना देऊन जुनी मुभा परत मिळवितां येते. निकडीच्या प्रसंगीं तसें करणारास आम्ही दोष देत नाहीं. परंतु काळ लोटला म्हणून चूक नाहींशी होत नाहीं. जाहीर न केलेल्या फंक्शनचें उत्तर साधा पूर्णांक आहे, असें कंपायलर गृहीत धरतो. तें वस्तुतः ६४ बिटांचा स्मृतिपत्ता असल्यास बहुधा त्याचा अर्धा भाग गळून पडतो. म्हणून गाळलेली ओळ शोधून लिहावी आणि ती मूळ प्रकल्पाच्या चालकांकडे पाठवावी, हाच खरा उपाय होय. आपल्यापुरती अडचण निवारून गप्प बसणारा कोणाचें कांहीं चोरीत नाहीं. पण मागून येणाऱ्यांस तो अंधारांत ठेवतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असें आपण म्हणतों. परंतु पुढच्यानें ठेच सांगितली, तरच!