झिजणारा स्वर

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले आणि त्याच्या लाखेच्या तबकड्या निघाल्या. ग्रामोफोनची पोलादी सुई अशा तबकडीवरून फिरते तेव्हा ती स्वर जागा करते आणि त्याच क्षणी खाचही झिजवते. येथे ऐकणे हाच व्यय आहे. मग संग्राहकाने तबकडी कपाटात बंद ठेवावी काय? वस्तू वाचेल, गाणे मुके होईल. उलट, रोज वाजवणारा पुढील पिढीचा वाटा आज खर्च करतो. ध्वनीची प्रत काढल्याने हा पेच सैल होतो, सुटत नाही; कारण उद्याचे अधिक सूक्ष्म साधन मूळ खाचेतूनच अधिक काही ऐकवू शकेल. म्हणून संग्राहकाने स्वतःला विश्वस्त मानावे. क्वचित, दर वेळी नवी सुई लावून, चार रसिकांसह ऐकावे. एकट्याच्या हौसेपायी झालेली झीज मात्र समर्थनीय ठरत नाही.