अर्ज मुलांचा, हिशेब आपला

अमेरिकेतल्या मराठी घरात मूल अकरावीत गेले की घरातले बोलणे बदलते. एसएटीचे गुण, एपीचे विषय, सुट्टीतले प्रकल्प. गणेशोत्सवात पंगतीला बसल्यावरही पहिला प्रश्न तोच असतो: ‘कुठे कुठे अप्लाय करणार?’ यात नवल नाही. अनेक कॉलेजांसाठीचा सामायिक अर्ज, म्हणजे कॉमन अ‍ॅप, बारावीच्या आधीच्या १ ऑगस्टला खुला होतो आणि लवकरच्या फेरीची मुदत अनेक कॉलेजांत १ नोव्हेंबरला संपते. म्हणजे प्रवेश समितीपुढे जाणारे शेवटचे पूर्ण वर्ष अकरावीचेच असते. पालकांची घालमेल खरी आहे, पण ती नको त्या कामावर खर्च होते.

याचे मूळ आपल्या घडणीत आहे. आपण बारावीचे गुण, सीईटी किंवा जेईई आणि भिंतीवर लागलेली गुणवत्ता यादी या वाटेने पुढे आलो. यादीत नाव आले की प्रश्न मिटायचा. अमेरिकेतली निवडक कॉलेजे मात्र गुणांसोबत शिक्षकांची शिफारसपत्रे, शाळेबाहेरचे उद्योग आणि जास्तीत जास्त ६५० शब्दांचा निबंध पाहतात. आपण याकडेही अधिक रकान्यांची गुणवत्ता यादी म्हणूनच पाहतो आणि एकेक रकाना भरायला घेतो. डिबेट झाले, व्हायोलिन झाले, आता एखादा संशोधन प्रकल्प हवा. मग निबंधावर आई हात फिरवते, त्यावर बाबा, त्यावर पैसे देऊन नेमलेला सल्लागार. शेवटी उरतो तो पन्नाशीतल्या माणसाने सोळा वर्षांच्या मुलाच्या नावाने लिहिलेला मजकूर. २०१९मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्यात श्रीमंत पालकांनी परीक्षेचे गुण आणि खेळातली कामगिरीसुद्धा विकत घेतली होती. आपण तिथवर जात नाही. पण ‘हे तुला एकट्याला जमणार नाही’ हा निरोप मुलाला दोन्हीकडे मिळतो.

हा निरोप महाग पडतो, कारण वर्ष-दीड वर्षातच कायदा आपल्याला बाजूला करतो. १९७४च्या फर्पा कायद्यानुसार मूल अठरा वर्षांचे झाले किंवा कॉलेजात दाखल झाले की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याच्याकडे जातो. त्यानंतर पालकांना गुणपत्रक दाखवायला कॉलेज बांधील नसते. शिक्षकांना स्वतः ईमेल करणे, तारखा सांभाळणे, नकार पचवणे हे त्याआधी शिकायला अकरावीइतके सुरक्षित वर्ष दुसरे नाही. चूक झाली तर सावरायला आपण घरातच असतो.

कोणी म्हणेल, स्पर्धा एवढी तीव्र असताना मुलांना एकटे कसे सोडायचे? शाळेतल्या समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत अशी त्यांच्या संघटनेची शिफारस आहे. बहुतेक राज्यांत हा आकडा त्याहून मोठा आहे. ही शंका रास्त आहे. घरातून मदत हवीच, पण जे काम पालकांशिवाय होऊच शकत नाही, त्याची.

ते काम पैशाचे आहे, आणि नेमके तेच आपण टाळतो. संघराज्याच्या आर्थिक मदतीसाठीच्या फाफ्सा अर्जात जे उत्पन्न धरले जाते ते दहावीचे दुसरे आणि अकरावीचे पहिले सत्र ज्या वर्षात येते त्या वर्षाचे. म्हणजे अर्ज भरायच्या कितीतरी आधी हिशेब ठरलेला असतो. संघराज्याची मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजाला २०११पासून संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचे गणकयंत्र ठेवावे लागते. मुलाला शेजारी बसवून ते भरावे. लवकरच्या फेरीतल्या अर्ली डिसिजनची निवड बंधनकारक असते. पैशाचे बोलणे त्याआधी व्हायला हवे. एच-१बी व्हिसावरच्या घरांत तर आणखी स्पष्ट बोलावे लागेल. एच-४ या आश्रित व्हिसावरच्या मुलाला संघराज्याची आर्थिक मदत मिळत नाही, आणि एकविसाव्या वर्षी, बहुधा कॉलेज चालू असतानाच, त्याचा आश्रित दर्जा संपतो. ग्रीन कार्डच्या रांगेची चिंता मुलापासून लपवण्यात प्रेम असेल, पण कॉलेजांची यादी त्याच्या हाताने करायची असेल तर ही माहितीही त्याच्या हाती हवी.

राहिला नावाचा मोह. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी २००२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या विद्यार्थ्यांचे गुण सारखे होते आणि ज्यांना सारख्याच दर्जाच्या कॉलेजांनी स्वीकारले वा नाकारले होते, त्यांच्या पुढच्या कमाईत अधिक निवडक कॉलेजात गेल्यामुळे फारसा फरक पडलेला नव्हता. अपवाद होता तो कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांचा. दोघेही अभियंते असलेल्या आईबापांनी हा निष्कर्ष नीट वाचावा. ज्या नावासाठी ते मुलाची झोप आणि घरातली शांतता पणाला लावतात, त्यावर त्याचे भवितव्य फारसे अवलंबून नाही.

म्हणून अकरावीच्या पालकांना माझे सांगणे आहे: खर्चाचा खरा आकडा मुलासमोर ठेवा, व्हिसाची खरी स्थिती सांगा, कॉलेज पाहायला घेऊन जा, त्याने विचारले तर मत द्या. निबंध त्याचा त्याला लिहू द्या, तो कच्चा वाटला तरी. कॉलेजात जाऊन शिकायचे आहे ते त्याला. अर्जही त्याचाच असू द्या.