पाचवं कारण

१९६५ चं युद्ध, सियालकोट आघाडीवरची छावणी. हवालदार मेजरने शिट्टी फुंकली ती हवाई हल्ल्याचा इशारा म्हणून, आणि काही जवानांना वाटलं की चहाची वेळ झाली. ते बाहेर आले आणि वरून गोळ्या बरसू लागल्या. सैन्याच्या ईएमई या तांत्रिक दलातले क्राफ्ट्समन मुरलीकांत पेटकर तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. त्यांच्या अंगात नऊ गोळ्या शिरल्या. त्यातली एक पाठीच्या कण्यात कायमची राहिली आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा मुलगा कोवळ्या वयातच सैन्यात गेला होता. मुष्टियुद्धात त्याने नाव काढलं आणि १९६४ साली टोकियोला झालेल्या सैनिकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो उतरला. मुष्टियोद्ध्याचा ठोसा हातातून सुटतो, पण त्याचा जोर पायांतून येतो. नेमके तेच पाय गेले.

असं काही घडलं की आपल्याकडे तीन वाक्यं तयार असतात: नशिबात होतं, पूर्वजन्मीचं काही असेल, आणि देवाने वाचवलं. यातलं तिसरं सगळ्यात मायेने बोललं जातं, आणि तेच सगळ्यात अवघड आहे. देवाने एकाला वाचवलं असेल, तर त्या युद्धातून जे परतलेच नाहीत त्यांच्याकडे त्याने पाठ फिरवली होती का? हा प्रश्न नास्तिकाचा नाही. ज्याची खरी श्रद्धा आहे, त्यालाच तो रात्री झोपू देत नाही.

योगवासिष्ठाच्या मुमुक्षुव्यवहार प्रकरणात वसिष्ठ रामाला सांगतात की दैव म्हणून वेगळं काही नाहीच. आपणच पूर्वी केलेला पुरुषार्थ दैवाच्या रूपाने समोर येतो. कालचा प्रयत्न आणि आजचा प्रयत्न दोन एडक्यांसारखे एकमेकांशी झुंजतात, आणि ज्याचा जोर जास्त तो जिंकतो. खचून बसलेल्या माणसाला उठवायला हा उपदेश फार मोलाचा आहे. पण तोच विमानातून झाडलेल्या गोळीला लावला, की आधाराचं आरोपात रूपांतर होतं. वीस वर्षांच्या जखमी पोराला ‘हे तुझंच कालचं कर्म’ असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही, ग्रंथ हातात धरूनही नाही.

गीतेचा अठरावा अध्याय इथे जास्त जवळचा वाटतो. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं तिथे सांगितलं आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवं दैव. दैव नाकारलेलं नाही, पण त्याला गादीवरही बसवलेलं नाही. पाच जणांच्या पंगतीत त्याचं पान शेवटी मांडलं आहे, आणि उरलेल्या चार पानांवर बसणारं कुणी आहे की नाही, हा प्रश्न मोकळा ठेवला आहे.

पेटकरांच्या आयुष्यात ती चार पानं रिकामी राहिली नाहीत. मुंबईत नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले. लुळे पाय पाण्यात मदत करत नाहीत; उलट खाली ओढतात, आणि साऱ्या देहाचा भार दोन खांद्यांना वाहावा लागतो. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाईल त्यांनी ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमी वेळेत पार केली. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारताचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक होतं.

म्हणून मग गोळी लागली ते बरंच झालं, असं कुणी म्हणू नये. पदकाने गोळीचा हिशेब चुकता होत नाही. गोळी हे पाचव्याचं काम होतं आणि पोहणं हे उरलेल्या चौघांचं. एकाचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर टाकलं, की रोज सकाळी पाण्यात उतरलेल्या माणसाचे कष्ट पुसले जातात.

यानंतर आला तो आयुष्याचा सगळ्यात लांब आणि सगळ्यात कमी बोलला गेलेला भाग. मदतीचा हात पुढे आला तेव्हा पेटकरांनी पैशाऐवजी काम मागितलं, आणि पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात वर्षानुवर्षं नोकरी केली. त्या वर्षांना ना टाळ्या, ना घड्याळावरचे आकडे. कर्मयोग खरोखर कुठे असेल तर तो या हजेरीत आहे, असं प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटतं.

फळाचं काय? १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी केलेला त्यांचा अर्ज मान्य झाला नाही. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, पदकानंतर ४६ वर्षांनी. २०२४ च्या ‘चंदू चॅम्पियन’ या चित्रपटामुळे नव्या पिढीला त्यांचं नाव कळलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार त्यांच्या हाती आला. अशा वेळी आपण पटकन निष्काम कर्माचा दाखला देतो: खऱ्या कर्मयोग्याला फळाची आस नसते. नसेलही. पण फळाची आस सोडणं हे करणाऱ्याचं व्रत आहे, देणं लागणाऱ्यांची सुटका नव्हे. पेटकर सैनिक होते, त्यांनी दिलं आणि पुढे निघाले. शेहेचाळीस वर्षांचा उशीर दैवाच्या माथी मारता येत नाही; तो माणसांनी केला, आणि त्याची उत्तरंही माणसांकडेच मागायला हवीत.

आणि त्या युद्धातून जे परतलेच नाहीत ते जवान? त्यांच्यापैकी कुणाला पोहण्याचा तलाव मिळाला नाही, कुणाला कारखान्याची पाळी मिळाली नाही, कुणाला ऐंशीवं वर्ष दिसलं नाही. त्यांच्या पंगतीत पाचवा एकटाच बसला होता.