फाईल कोणाची?

डाऊन सिंड्रोम असलेले मूल जन्माला येते तेव्हा पाळण्याबरोबर घरात एक फाईलही येते. हृदयाचे डॉक्टर, थायरॉइडचे, कानाचे, डोळ्यांचे. प्रत्येकाचा वार निराळा, केसपेपर निराळा. अशा सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. थायरॉइडची रक्ततपासणी जन्मल्यावर, सहाव्या महिन्यात, वर्षाने आणि पुढे दरवर्षी करावयाची. एखादी तारीख हुकली तर काय बिघडते, असे वाटते खरे; परंतु थायरॉइडची उणीव या मुलांच्या संथपणाआड सहज दडून राहते, आणि आपण 'तो तसाच आहे' म्हणून स्वतःची समजूत घालतो.

प्रत्येक तज्ज्ञ आपापला अवयव पाहतो. मग अखंड मूल कोणी पाहावयाचे?

या अवस्थेचे कारण एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत हे होय, असे पॅरिसच्या झेरोम लेजून यांनी सहकाऱ्यांसह १९५९ साली प्रसिद्ध केले. या श्रद्धावंत डॉक्टरांना ख्रिस्तसभेने २०२१ साली 'पूजनीय' ठरविले. ज्या पेशी-संवर्धनावर तो शोध उभा राहिला, ते प्रयोगशाळेत सिद्ध करणाऱ्या मार्थ गोतिए यांचे नाव मात्र फार उशिरा लोकांच्या कानी गेले. घरोघरच्या फायलींचेही थोडेफार असेच असते.

आमच्या घरी फाईल नावापुरतीच होती. सारे पत्नीच्या डोक्यात. "मला सगळं पाठ आहे," असे ती म्हणे आणि आम्ही ते चारचौघांत कौतुकाने सांगत असू. त्या कौतुकात आमचा आळस किती होता, हे ती काविळीने अंथरुणास खिळली तेव्हा कळले. मुलाला घेऊन वसईहून पहाटेच्या लोकलने आम्ही एकटेच मुंबईस गेलो. डॉक्टरांनी विचारले, "मागचा इको कधीचा? थायरॉइडची गोळी किती मायक्रोग्रॅमची?" आम्ही निरुत्तर! जन्मदाता बाप मुलाशेजारी पाहुण्यासारखा बसून राहिला. रिपोर्टांवाचून पुढचा निर्णय होईना. दोन महिन्यांनंतरची तारीख घेऊन परतलो.

ती बरी झाल्यावर आम्ही वही पुढे ठेवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सगळं लिहून दिलं, तर माझं काय राहिलं?"

हा प्रश्न आम्ही आजही हलका मानत नाही. तिने रात्री जागून जे जपले, ते वहीत उतरले की कोणाचेही होणार होते. परंतु मूल आपल्यावाचून अडावे, या इच्छेत माया किती आणि मालकी किती? आणि ज्याने इतकी वर्षे पाठ करावयाचे टाळले, त्याने हे विचारावे काय? त्या रात्री वही कोरीच राहिली.

पुढे आठवड्याभराने तिनेच लिहावयास घेतले. पहिल्या पानावर औषधे, मात्रा, मागची तारीख, पुढची तारीख; मागे प्रत्येक डॉक्टरांचे कागद तारखेच्या क्रमाने. मूळ रिपोर्ट घरी, पिशवीत झेरॉक्स. आता एका खेपेस ती जाते, दुसऱ्या खेपेस आम्ही.

मुलगा चौदा वर्षांचा झाला. पिशवी तोच खांद्यावर घेतो. डॉक्टरांनी त्याला काही विचारले की आजवर आईच उत्तर देई. मागच्या खेपेस आम्ही तिघेही गेलो होतो. तिने ओठ घट्ट मिटून धरले. त्याला वेळ लागला. दाराशी पुढचे रुग्ण चुळबुळ करू लागले. मग त्याने आपले नाव सांगितले, आणि गोळी केव्हा घेतो तेही: "सकाळी. चहाच्या आधी."